तिसरी आपटी : एका छोट्या खासगी विमानाच्या उतरण्याचे प्रकरण

मे महिन्यातल्या एका दुपारी, तीन वाजून पाच मिनिटांनी, चार आसनांचे एक खासगी सेसना 172 विमान दख्खनच्या पठारावरील एका छोट्या धावपट्टीवर उतरताना तीन वेळा आपटले. तिसऱ्या आपटीत त्याचा नाकाखालचा पाय मोडला, फिरता पंखा डांबराला लागला आणि विमान नाक टेकून सुमारे 140 मीटर घसरत जाऊन धावपट्टीच्या डाव्या कडेला थांबले. विमान चालवत होते ते स्वतः मालक, भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारे बावन्न वर्षांचे उद्योजक. शेजारी त्यांचा पुतण्या होता. दोघेही आपल्या पायांनी बाहेर आले. पुतण्याच्या कपाळाला टेंगूळ आले, एवढीच काय ती इजा. विमान थांबताच मालकांनी इंधन बंद केले, मास्टर स्विच पाडला आणि मगच दार उघडले, याची नोंद मी मुद्दाम आधी करतो, कारण पुढे जे लिहायचे आहे त्यात त्यांच्या हातून चुकलेल्या गोष्टीच जास्त आहेत.

मी विमान देखभाल अभियंता. नोकरीतून मोकळा झाल्यावर हडपसरला राहतो आणि अधूनमधून विमा सर्वेक्षकांना तांत्रिक सल्ला देतो. या प्रकरणात माझा संबंध तेवढाच होता. अधिकृत चौकशी वेगळी असते. आपल्याकडे विमान अपघात अन्वेषण ब्युरो आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय यांना घटना कळवावी लागते, परवानगीशिवाय विमान जागचे हलवता येत नाही, आणि नियमांप्रमाणे त्या चौकशीचा हेतू पुढचे अपघात टाळणे हा असतो, दोष वाटून देणे हा नव्हे. आमच्या हाती विमान आणि त्याचे तुटके भाग आले ते अधिकृत पाहणी उरकून ते मोकळे केल्यानंतर.

हा ‘अपघात’ की नुसती ‘घटना’, हा प्रश्न वरवर शाब्दिक वाटतो, पण त्याचे उत्तर विमानाच्या एका पत्र्यावर होते. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार हानी केवळ पंखा, चाके, टायर, ब्रेक किंवा एका इंजिनापुरती असेल, तर एवढ्यावरून तो अपघात ठरत नाही. विमानाच्या मूळ सांगाड्याची ताकद कमी होईल अशी मोडतोड झाली, तर ठरतो. सेसना 172 चा नाकाखालचा पाय फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि वैमानिकाची केबिन यांच्यामधल्या भिंतीला जोडलेला असतो. इंजिनाचे आवरण काढले तेव्हा ती भिंत खालच्या बाजूने, वळकटी पडलेल्या चादरीसारखी दुमडलेली दिसली. या जातीच्या विमानात नाकावर आदळण्याची ही जुनी ओळखीची खूण आहे. जुने विमान विकत घ्यायला निघालेल्यांना मी नेहमी सांगतो की रंग आणि गाद्या मागाहून बघा, आधी विजेरी घेऊन फायरवॉलचा तळ बघा.

मालकांचे पहिल्या दिवसापासूनचे म्हणणे असे होते : “साहेब, तो पाय आधीच गेलेला होता. बोल्टात क्रॅक होती. मी टेकवलं आणि तो बसला.” हे म्हणणे सहज बाजूला सारण्याजोगे नव्हते. हा माणूस तीस वर्षे फोर्जिंगचे भाग बनवत आला होता आणि धातू थकून कसा तुटतो हे त्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. शिवाय त्या विमानाची पन्नास तासांची तपासणी अवघ्या नऊ उड्डाणतासांपूर्वी झाली होती, म्हणजे आरोप खरा असता तर तो ज्यांनी तपासणीवर सही केली त्यांच्यावर गेला असता. त्यातली एक गंमत मात्र त्यांच्या ध्यानात आलेली दिसली नाही. विमानाच्या विम्यात झीज आणि हळूहळू वाढत गेलेला दोष साधारणपणे वगळलेला असतो; उतरताना झालेली आपटी वगळलेली नसते. म्हणजे त्यांचे म्हणणे सिद्ध झाले असते, तर त्यांचाच दावा अडचणीत आला असता. तरीही ते हट्टाने तेच सांगत राहिले, यावरून मला वाटले की मामला पैशाचा नाही.

पायाकडे आधी पाहिले. या पायात तेल आणि हवा यांचा शॉकअब्सॉर्बर असतो. हवेचा दाब 45 पीएसआय ठेवायचा असतो आणि आतले हायड्रॉलिक तेल लाल रंगाचे असते. सील आधीपासून गळत असते, तर चकचकीत दांड्यावर तेल आणि धूळ मिळून झालेला तपकिरी चिकटा दिसला असता, तसाच तो खालच्या फोर्कवर आणि चाकाच्या आतल्या बाजूलाही ओघळलेला असता. तसे काही नव्हते. दांडा कोरडा होता, आणि लाल तेल होते ते सगळे फुटलेल्या जागी, ताजे, धुळीचा कण न लागलेले. धावपट्टीवरही त्याची रेघ तिसऱ्या आपटीच्या जागेपासूनच सुरू होत होती, त्याच्या आधी नाही. चाकाची थरथर रोखणारा डॅम्पर ठीक होता. टायर फाटला होता, पण आडव्या घसरणीने.

मग बोल्ट. पायाची खालची बैठक फायरवॉलला धरून ठेवणारा बोल्ट तुटून त्याचे दोन तुकडे झाले होते, आणि सर्वेक्षकांच्या संमतीने ते भोसरीतल्याच एका धातुपरीक्षण प्रयोगशाळेत नेले. मालकांना मी हजर राहायला सांगितले. त्यांच्या कारखान्यापासून ती जागा पायी पाच मिनिटांवर होती. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी तुकडा सॉल्व्हंटमध्ये बुडवून मऊ ब्रशने साफ केला, स्टीरिओ मायक्रोस्कोपखाली मातीच्या गोळ्यावर तिरका बसवला आणि दिवा बाजूने लावला, कारण उजेड बाजूने पडला तरच तुटलेल्या पृष्ठभागाचे चढउतार दिसतात.

थकून तुटलेल्या धातूत तडा एका बिंदूपासून निघतो आणि दर भारागणिक थोडा थोडा पुढे सरकतो. त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि त्यावर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा वक्र रेघा उमटतात. जुना तडा असेल तर तिथे गंजही धरतो. शेवटी उरलेला छोटा भाग मात्र एका झटक्यात तुटतो आणि तेवढाच खडबडीत असतो. आमच्या बोल्टाचा पृष्ठभाग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखा राखाडी आणि तंतुमय होता. एका बाजूला तिरकी, चाकूच्या पात्यासारखी वर आलेली कड होती आणि तुटण्याआधी बोल्ट वाकला होता, इतका की तो टेबलावर ठेवला तर डोलत होता. वक्र रेघा नव्हत्या, गंज नव्हता, कॅडमियमचा मुलामा अगदी तुटलेल्या कडेपर्यंत शाबूत होता.

मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी खुर्ची सरकवली आणि मालकांना बसायला सांगितले. मालकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोकस स्वतः फिरवला आणि बराच वेळ पाहिले. मग तुकडा चिमट्याने उचलून उलटा केला आणि पुन्हा पाहिले. हे काम त्यांनी आयुष्यात शेकडो वेळा केले असणार, गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या मालावर. उठताना एवढेच म्हणाले, “ओव्हरलोड आहे.” म्हणजे बोल्ट थकून नव्हे, एका झटक्यात जास्त भाराने तुटला. आणि थोड्या वेळाने, गाडीजवळ, “दाखवा मला ते कार्ड काय म्हणतंय.”

कार्ड म्हणजे विमानाच्या मेमरी कार्डावरची नोंद. या विमानात गार्मिन जी1000 ही काचेच्या पडद्यांची उपकरणप्रणाली होती. तिच्या उजव्या पडद्याच्या वरच्या खाचेत एसडी कार्ड घातलेले असेल, तर ती दर सेकंदाला एक ओळ या हिशेबाने वेग, उंची, नाकाचा कोन, इंजिनाचे फेरे, उभा भार आणि अशाच कितीतरी गोष्टी लिहून ठेवते. दर वेळी प्रणाली चालू केली की नवी फाइल तयार होते. बहुतेक मालकांना हे माहीतच नसते. मोठ्या विमानातल्या ब्लॅक बॉक्सइतकी ती मजबूत नसते, पण नाक टेकून घसरलेल्या विमानात तिला काय होणार! कार्ड काढले, संगणकात घातले, वाचले.

त्या नोंदीतून त्या दुपारचे उतरणे असे दिसते. विमान कोकणाकडून घाट ओलांडून येत होते आणि मालकांनी धावपट्टीभोवती फेरी न मारता पश्चिमेकडून सरळ पूर्वेकडे तोंड करून उतरायचे ठरवले. मे महिन्यात दुपारी पठारावर वारा बहुधा पश्चिमेचा असतो, म्हणजे तो पाठीमागून येत होता; फार नाही, चार नॉट, म्हणजे ताशी सुमारे सात किलोमीटर. जमिनीपासून 500 फुटांवर वेग 82 नॉट होता. धावपट्टीच्या टोकावरून विमान गेले तेव्हा वेग 74 नॉट, म्हणजे ताशी 137 किलोमीटर. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या झडपा, पूर्ण 30 अंश लावून उतरताना या विमानाच्या माहितीपुस्तकातला वेग 60 ते 70 नॉट आहे, आखूड धावपट्टीसाठी 61, आणि हे आकडे 1157 किलो या कमाल वजनाचे आहेत. त्या दिवशी वजन जेमतेम 1000 किलो होते, तेव्हा साठापेक्षाही थोडा कमी वेग पुरला असता. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे 61 ऐवजी 74 नॉट म्हणजे सुमारे दीडपट ऊर्जा घेऊन विमान धावपट्टीवर आले.

यात उन्हाळ्याची भर पडली. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर होती आणि सावलीतले तापमान 38 अंश. अशा दिवशी हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती जागा 5,000 फुटांहून अधिक उंचीवर असल्यासारखी असते. विरळ हवेत वेगदर्शकावर 74 दिसत असताना विमान प्रत्यक्षात 80 नॉटने हवा कापत असते, आणि मागचा वारा धरला तर जमीन 84 नॉटने मागे जात असते. पुणे परिसरात विमान शिकणाऱ्याला हे गणित पाठ असते. पुस्तकात मागच्या वाऱ्याच्या दर दोन नॉटला उतरण्याचे अंतर दहा टक्क्यांनी वाढवा असेही लिहिलेले असते. तरी इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी : धावपट्टी गरजेच्या तिपटीहून लांब होती. इतके सगळे जमेला धरूनही ती पुरून उरत होती. विमान धावपट्टी संपल्यामुळे मोडले नाही.

ते मोडले ते वाट न पाहिल्यामुळे. जास्त वेगाने आलेले विमान जमिनीलगत तरंगत राहते. अशा वेळी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारा दांडा, पूर्ण मागे घेऊन, चाके जमिनीपासून हातभर उंच ठेवून, योक, म्हणजे नाक वर-खाली करणारे सुकाणू, हळूहळू पोटाकडे ओढत राहायचे असते. वेग आपसूक उतरतो, नाक वर येते आणि विमान मागच्या दोन चाकांवर टेकते. मालक दहा सेकंद तरंगले. अकराव्या सेकंदाला वेग अजून 62 नॉट होता, म्हणजे विमानाला उडत राहायला आवश्यक असलेल्या वेगापेक्षा वीसेक नॉट जास्त, आणि तेव्हा त्यांनी योक पुढे दाबून विमान जमिनीवर ‘बसवले’. जे विमान अजून उडायला तयार आहे ते बसत नाही. नाकाचे चाक मागच्या चाकांच्या किंचित आधी लागले, त्याने नाक वर फेकले, पंखांचा कोन वाढला आणि विमान पुन्हा हवेत गेले.

यानंतरचे सहा-सात सेकंद म्हणजे इंग्रजीत ज्याला पॉरपॉइझिंग म्हणतात तो प्रकार. समुद्रात पाण्यावर-पाण्याखाली उड्या घेत जाणाऱ्या डॉल्फिनसारख्या प्राण्यावरून हे नाव पडले आहे. नाक वर गेलेले दिसले की वैमानिक ते खाली दाबतो. पण दिसणे, ठरवणे, हात हलणे आणि विमानाने ऐकणे यात सेकंदाच्या आसपास वेळ जातो, आणि तेवढ्यात विमान आपणहून खाली निघालेले असते. त्यामुळे वर जाणे थांबवण्यासाठी दिलेला दाब प्रत्यक्षात खाली येण्यात मिसळतो. झोपाळा चुकीच्या वेळी ढकलावा तसा हा प्रकार, फक्त इथे तो चुकीच्या वेळीच बरोब्बर ढकलला जातो आणि दर झोक्याला उंची वाढते. नोंदीत पहिल्या उसळीला नाक 6 अंश वर होते आणि पुढच्याच ओळीत 3 अंश खाली. दुसरी आपटी नाकावर, उभा भार 2.1 जी, म्हणजे नेहमीच्या वजनाच्या 2.1 पट. दुसऱ्या उसळीत नाक 9 अंश वर, मग 6 अंश खाली. तिसरी आपटी, 2.9 जी.

हे 2.9 मी जसेच्या तसे मानत नाही. आपटी सेकंदाच्या एखाद्या छोट्या अंशात संपते आणि नोंद सेकंदाला एकदाच होते. खरा आकडा दोन ओळींच्या फटीत निसटलेला असणार आणि तो याहून मोठाच असणार. अशा फटी भरायला धावपट्टी उपयोगी पडते. पंख्याची पाती डांबरावर आपटली की आडवे कापे उमटतात, स्वयंपाकघरातल्या पाटावर सुरीचे उमटतात तसे, एकामागून एक. त्यांच्यातले अंतर मोजले तर वेग काढता येतो. पंख्याला पाती दोन. पंखा लागण्याआधीच्या शेवटच्या ओळीत इंजिनाचे फेरे मिनिटाला 1,150, म्हणजे सेकंदाला सुमारे 38 कापे. पहिल्या तीन काप्यांमधले सरासरी अंतर 74 सेंटिमीटर निघाले. गुणाकार केला की सेकंदाला 28 मीटरच्या वर, म्हणजे 55 नॉट येतात. जीपीएसची नोंद 56 होती. चौथ्या काप्यापासून अंतर वाढत गेले, कारण पंखा डांबरात अडकून मंदावत होता आणि विमान त्यामानाने कमी मंदावत होते. म्हणून ते कापे हिशेबात धरायचे नाहीत. धावपट्टीवर गुडघे टेकून, डोक्यावर रुमाल टाकून, टेप आणि खडू घेऊन केलेली ही मोजणी कार्डाशी जुळली, तेव्हा कार्डाच्या बाकीच्या ओळींवर माझा विश्वास बसला.

आता मुख्य प्रश्न. पहिल्या उसळीनंतर काय करायला हवे होते, याचे उत्तर प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला ठाऊक असते : उसळी किरकोळ असेल तर नाक उतरण्याच्या स्थितीत स्थिर धरायचे आणि थोडी शक्ती द्यायची, मोठी असेल किंवा शंका असेल तर थ्रॉटल पूर्ण पुढे, नाक स्थिर, फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर आणि पुन्हा फेरी. उष्णतेमुळे 180 अश्वशक्तीचे ते इंजिन त्या दिवशी जेमतेम 150 देत असेल, पण दोन माणसे आणि निम्म्या टाक्या घेऊन वर जायला तेवढी पुरेशी होती. आमच्या हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरची मंडळी ही सोय ऐकून हसतील. ग्लायडरला इंजिनच नसल्याने त्यांना उतरण्याची संधी एकदाच मिळते आणि म्हणूनच वेगाच्या बाबतीत ती फार काटेकोर असतात. ज्याच्यापाशी इंजिन असते तो ही शिस्त सैल सोडतो आणि इंजिन वापरण्याची वेळ आली की ते वापरायला विसरतो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. कार्डावर तिन्ही आपट्यांच्या काळात इंजिनाचे फेरे थ्रॉटल पूर्ण मागे असतानाचेच होते. उजवा हात त्यावर होता का, असे मी विचारले. मालक म्हणाले, दोन्ही हात योकवर होते.

पहिल्या उसळीनंतर चुकीची सावरासावर, एवढे लिहून असे प्रकरण बंद करता येते, आणि ते खोटे ठरत नाही. मला ते अपुरे वाटते. तिसरी आपटी दुसरीतून आली, दुसरी पहिलीतून आणि पहिली 74 नॉटमधून. मग हे 74 कुठून आले? मालकांना विचारले तेव्हा त्यांनी हिशेब सांगितला : पुस्तकातले 65, वाऱ्याचे झोत आहेत म्हणून पाच, आणि पाच “घरच्यांसाठी”. ही घरच्यांसाठीची भर वैमानिकांत जुनी आहे. कमी वेगात स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल सुटून, पडण्याची भीती शिकताना इतकी मनात ठसते की जास्त वेग म्हणजे जास्त सुरक्षितता, असे समीकरण होऊन बसते. जमिनीपासून हजार फुटांवर ते बरोबर आहे; जमिनीपासून हातभर उंचीवर ते उलटे होते. झोतांसाठी थोडी भर घालायला पुस्तकाची ना नाही, पण ती झोताच्या निम्म्याइतकी घालायची असते, आणि त्या दुपारी झोत विशेष नव्हते.

मी कार्डावरच्या जुन्या फाइल उघडल्या तेव्हा हे प्रकरण मला खरे उलगडले. त्यावर आधीच्या 23 उड्डाणांच्या नोंदी होत्या. त्यांतल्या 17 वेळा धावपट्टीच्या टोकावर वेग 70 नॉटच्या वर होता, चार वेळा तर 75 च्याही वर. एकदाही काही झाले नव्हते. दर वेळी विमान दूरवर तरंगत गेले होते, एकदा तर जवळजवळ निम्मी धावपट्टी, आणि मग शांतपणे टेकले होते. लांब धावपट्टीने सतरा वेळा ही सवय सांभाळून घेतली होती आणि मालकांच्या लेखी ती चांगल्या उतरण्याची पद्धत होऊन बसली होती. तपासणीच्या फेरीला सोबत बसलेल्या प्रशिक्षकालाही कदाचित ते खटकले नसेल, कारण टेकणे मऊ होते. मऊ टेकणे म्हणजे चांगले उतरणे, हा समज प्रवाशांचा असतो. वैमानिकांतही तो आहे, हे मान्य करायला हवे.

मग अठराव्या वेळी वेगळे काय होते? यासाठी मी मालकांबरोबर पुन्हा त्या धावपट्टीवर गेलो. पुण्याहून तिथे जायला मोटारीने काही तास लागतात. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आणि प्रवासी विमानांच्या गर्दीची असल्यामुळे त्यांनी आपले विमान दूर ठेवले होते. धावपट्टीच्या निम्म्याच्या थोडे अलीकडे डावीकडे हँगरकडे जाणारा फाटा आहे. त्या दिवशी त्यांची गाडी फाट्याच्या तोंडाशी, कुंपणाबाहेर, इंजिन चालू ठेवून उभी होती, कारण संध्याकाळी भोसरीत एका ग्राहक कंपनीची माणसे यायची होती. विमान तरंगत असताना गाडी त्यांना दिसत होती. फाटा चुकला असता तर धावपट्टीच्या टोकापर्यंत जाऊन, वळून, परत यावे लागले असते. त्याला वेळ किती लागला असता? विमान जमिनीवर ज्या वेगाने चालवतात त्या वेगात आम्ही मोटारीने ते अंतर कापून पाहिले. साडेतीन मिनिटे.

“फाटा जवळ येत होता म्हणून मी दाबलं,” असे ते त्या फाट्यावर उभे राहून म्हणाले. विमा दाव्याच्या कागदात हे वाक्य घालायची गरज नव्हती, पण माझ्या टिपणात ते आहे. फेरी न घेता सरळ येण्यामागे, मागचा वारा पत्करण्यामागे आणि बसवण्याच्या घाईमागे एकच घाई होती, आणि ती एकटी कदाचित निभावली असती. सवयीच्या वेगाशी तिची गाठ पडली आणि लांब धावपट्टीचा उपयोग संपला, कारण ती वापरायचीच नाही असे त्यांनी हवेतच ठरवून टाकले होते.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. फायरवॉल, पाय आणि पंखा बदलला. पंखा जमिनीला लागला की बाहेरून इंजिन धडधाकट दिसले तरी ते उघडावेच लागते. इंजिन बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीचा 533 क्रमांकाचा सर्व्हिस बुलेटिन आणि क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरचा बोल्ट बदलायला लावणारा अमेरिकी नियामकांचा 2004 चा आदेश, दोन्ही याविषयी स्पष्ट आहेत. इंजिन आतून ठीक निघाले. दावा मंजूर झाला. तपासणीवर सही करणाऱ्या तंत्रज्ञांना मालकांनी स्वतः फोन केला, हे मला त्यांच्याकडून नव्हे, त्या तंत्रज्ञांकडून कळले.

विमान आठ महिन्यांनी पुन्हा उडाले. दरम्यान मालकांनी दुसऱ्या एका प्रशिक्षकाबरोबर भाड्याच्या विमानात उजळणी केली आणि कार्ड मला पाठवत राहिले. पहिल्या दिवशी आठ फेऱ्या झाल्या; त्यांतल्या पहिल्या चारांत टोकावरचा वेग 66, 64, 67, 63 असा होता. पाचव्या फेरीत प्रशिक्षकांनी मुद्दाम विमान थोडे उंचावरून टेकवून उसळी आणली आणि सावरायचे काम त्यांच्यावर सोपवले. कार्डावर नाक 5 अंश वर दिसते, आणि पुढच्या ओळीत 2 अंश खाली. हात पुन्हा पुढेच गेला होता. प्रशिक्षकांनी विमान ताब्यात घेतले असावे, कारण त्यानंतर लगेच फेरे 2,400 वर गेलेले दिसतात. सहाव्या फेरीतही तेच. सातव्यात नाक 5 अंश वर, पुढच्या ओळीत 5, त्याच्या पुढच्या ओळीत 6, आणि इंजिनाचे फेरे 1,050 वरून 2,390.